मागचा जिना आणि राजगृहाचा दरवाजा

'सर, कोणत्या नोडमध्ये घर बघू?' अभ्यासवर्ग संपला की चहाच्या टपरीवर आजकाल आमचे तरुण कार्यकर्ते हा प्रश्न हमखास काढतात. आम्हाला त्याचा आनंदच होतो. ज्यांच्या आज्याला गावात झोपडी कुठे बांधायची हे गावाने ठरवून दिले होते, त्यांची नातवंडे नवी मुंबईचा नकाशा मोबाईलवर उघडून सेक्टर तपासतात. स्टेशन किती लांब, पाणी कसे येते, शाळा कुठली, मेन्टेनन्स किती, हे सगळे विचारले पाहिजेच. पण एक प्रश्न यादीत नसतो आणि सगळ्यात आधी तोच येतो. तो आपण विचारत नाही, समोरचा विचारतो. 'पूर्ण नाव काय म्हणालात?'

मागच्या वर्षी आमचा एक सहकारी, बँकेत नोकरीला, बायकोला घेऊन फ्लॅट बघायला गेला. ब्रोकरने दोन खोल्या फिरवून दाखवल्या, गॅलरीतून दिसणारी झाडेही दाखवली. मग पूर्ण नाव विचारले. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले, 'तो कालच गेला हो.' तिसऱ्या दिवशी तोच फ्लॅट, तीच गॅलरी आणि तीच झाडे या मित्राच्या ऑफिसातल्या वेगळ्या आडनावाच्या माणसाला दाखवली गेली.

यावर आमच्यात जोरदार वाद झाला. काहींचे म्हणणे, कशाला त्यांच्यात घुसायचे? आपली माणसे जिथे आहेत तिथे घर घ्यावे, जयंतीला मंडप तरी सुखाने उभा राहील. बाकीचे म्हणाले, मुद्दाम तिथेच घ्यायचे, त्यांच्या नाकासमोर दारावर 'जयभीम' लिहायचे. गंमत म्हणजे दोन्हीकडून दाखले बाबासाहेबांचेच दिले गेले. एक गट म्हणाला, १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव कुणी आणला? दुसरा म्हणाला, राजगृह कुठे आहे? हिंदू कॉलनीत ना?

दाखले दोन्ही खरे आहेत. म्हणूनच हा इतिहास नीट उलगडायला हवा. एखादी वसाहत कागदावर आखली जाते तेव्हा तिच्यात चांगली वस्ती कोणती आणि वाईट कोणती, हे कोण ठरवते? आणि निवडायचा हक्क कुणाच्या पदरात पडतो?

सुरुवात मुंबईतूनच करू. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला आणि बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. माणसे मरत होती तेव्हा सरकारला गरिबांच्या खोल्यांतला अंधार आणि कोंदटपणा दिसला. १८९८ मध्ये कायदा होऊन मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. काम दोन प्रकारचे होते. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायचे, आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर नवी, हवेशीर उपनगरे वसवायची. पहिल्या कामाचा फटका कुणाला बसला हे सांगायला नको. पाडलेल्या खोल्यांच्या मानाने ट्रस्टने बांधलेल्या खोल्या फार कमी होत्या. ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर गेले त्यांना उपनगरातला प्लॉट मिळणार नव्हता. झालेच तर ट्रस्टची चाळ. चाळीत सामाईक नळ, सामाईक संडास, लांब व्हरांडा आणि एकेका खोलीत आठ-दहा माणसे.

दुसरे काम म्हणजे दादर-माटुंगा. आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या आखीव उपनगरांपैकी हे एक. रस्त्यांची रुंदी, झाडांच्या रांगा, बागा, इमारतींची उंची, दोन इमारतींमधली मोकळी जागा, सगळे आधी नकाशावर ठरले आणि मग प्लॉट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिले गेले. हे उपनगर मध्यमवर्गासाठी होते: कारकून, वकील, डॉक्टर, शिक्षक. हळूहळू त्याच्या आत वस्त्या पडल्या. माटुंग्यात दक्षिण भारतीय, पाच बागांच्या भोवती पारशी, दादर स्टेशनच्या बाजूला हिंदू कॉलनी. नकाशा इंजिनिअरने काढला होता. त्यात रंग भरले जातीने, धर्माने आणि भाषेने.

हे आपोआप झाले असे कुणी समजू नये. पारशी कॉलनीसाठी मंचेरजी एदलजी जोशी या सिव्हिल इंजिनिअरने ट्रस्टकडे पाठपुरावा करून १०३ प्लॉट आपल्या समाजासाठी राखून घेतले. पाच बागांना आज त्यांचेच नाव आहे. त्याआधी, १९१५ मध्येच, गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली होती. तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. त्यांना सहकारी गृहनिर्माणाचे जनक मानतात आणि ही सोसायटी देशातल्या पहिल्यांपैकी गणली जाते. नाव पुन्हा वाचा: सारस्वत. ज्या 'सोसायटी'ला आपण आज आधुनिक, नागरी, कायदेशीर संस्था म्हणतो, तिचा मुंबईतला जन्मच एका जातीच्या घरात झाला. गावात जात वाड्यांनी राहत होती, शहरात तिने रजिस्ट्रेशन नंबर घेतला.

या उपनगराची आणखी एक खूण अजून जागेवर आहे. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या मागे जाऊन बघा. लोखंडी, अरुंद, काही ठिकाणी गोल फिरत वर जाणारा जिना दिसेल. तो थेट न्हाणीघर-संडासापर्यंत पोहोचतो. घरात संडास असणे ही त्या काळी सोवळ्याला मोठी अडचण होती. संडास आत आला म्हणजे तो साफ करणारा माणूसही आत येणार, आणि त्याचा पाय दिवाणखान्याला लागता कामा नये. मग इंजिनिअरने मार्ग काढला. पुढचा जिना राहणाऱ्यांचा, मागचा जिना झाडूवाल्याचा. अस्पृश्यतेला विटा, लोखंड आणि मंजूर नकाशा मिळाला तो असा. या उपनगरात आपले लोक नव्हते असे कुणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. ते रोज सकाळी येत होते, फक्त मागून.

आता त्याच ट्रस्टच्या चाळीत जाऊ. परळची बीआयटी चाळ क्रमांक १, खोली क्रमांक ५० आणि ५१. समोरासमोरच्या या दोन खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब जवळपास वीस-बावीस वर्षे राहिले. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला, लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस याच खोल्यांत परतला. शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले होते. 'बहिष्कृत भारत', महाड, काळाराम, गोलमेज परिषद, हा सगळा काळ पत्ता हाच होता. रमाईने संसार केला तो याच खोल्यांत. आणि पुस्तके? ती वाढतच होती.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधायला घेतले. ट्रस्टच्या चाळीतून निघून ट्रस्टनेच आखलेल्या उपनगरात. अंतर पायी चालण्याइतके. पण त्या दोन ठिकाणांमध्ये किती हजार वर्षे होती, ते ज्याला मोजता येईल त्याने मोजावे. आम्ही वर म्हटले की ट्रस्टने एका हाताने चाळ बांधली आणि दुसऱ्या हाताने उपनगर. चाळीतल्या माणसाने उपनगरातला प्लॉट घेणे त्या नकाशात बसत नव्हते. अस्पृश्याने मागच्या जिन्याने यायचे अशी व्यवस्था असताना हा माणूस पुढच्या दरवाजाचा मालक म्हणून आला.

आणि घराला नाव काय दिले? राजगृह. मगधाची प्राचीन राजधानी, बुद्धाच्या चारिकेतले नगर. धर्मांतर १९५६ चे. घराच्या पाटीवर बौद्ध इतिहास त्याच्या वीस-बावीस वर्षे आधी आला, तोही हिंदू कॉलनीत. घर बांधताना सगळ्यात आधी विचार झाला तो ग्रंथालयाचा. पन्नास हजारांच्या घरातले ग्रंथ तिथे होते असे सांगतात. सवर्णांच्या शेजारी राहण्याची हौस म्हणून हे घर झाले असे कुणाला वाटत असेल तर त्याने त्या ग्रंथांकडे बघावे. बाबासाहेबांना वाचायला, लिहायला, लढायला जागा हवी होती आणि ती जिथे चांगली मिळत होती तिथे त्यांनी घेतली. हिंदू कॉलनी मुंबईतल्या चांगल्या आखलेल्या वस्त्यांपैकी एक होती. रेल्वे जवळ, हवा-उजेड भरपूर. चांगल्या वस्तीवर सवर्णांचा मक्ता आहे, हे मानायला त्यांनी नकार दिला. त्याच घरात २७ मे १९३५ ला रमाईंचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला घोषणा झाली की मी हिंदू म्हणून मरणार नाही. हे बोलणाऱ्या माणसाचा पत्ता त्या दिवशी हिंदू कॉलनी, दादर असा होता!

पण इथे एक गोष्ट विसरू नका. या माणसाला घराचा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा राहायला जागाच मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा. तू कोण, असा जाब विचारून सामान उचलायला लावले. एका हिंदू मित्राकडे आसरा मागितला तर तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावे लागेल. राजाच्या नोकरीत असलेला उच्चशिक्षित अधिकारी मग कामाठी बागेत बसून राहिला आणि मुंबईची गाडी धरली. ही कहाणी त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. राजगृहाच्या प्रत्येक विटेमागे ती कामाठी बाग आहे, असे आम्हाला नेहमी वाटते.

आता दुसरा दाखला. जुलै १९४२, नागपूर. अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी ती आणखी नेमकी मांडली: सरकारी पडीक जमीन, त्यासाठी वसाहत आयोग, अस्पृश्यांची स्वतंत्र गावे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी गावगाड्याचे जे वर्णन केले ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मग राजगृह आणि स्वतंत्र वसाहत यांत विरोध आहे का?

आमच्या मते नाही. नागपूरच्या ठरावात जमीन केंद्रस्थानी आहे. गावकुसाबाहेरच्या महारवाड्याला स्वतःची शेती नव्हती. सवर्णाच्या शेतावर मजुरी, सवर्णाच्या विहिरीवर पाणी, सवर्णाच्या मर्जीवर जगणे. संप केला की बहिष्कार आणि बहिष्कार पडला की उपासमार. स्वतंत्र वसाहत म्हणजे या परावलंबनातून सुटका: आपली जमीन, आपले पाणी, आपली ग्रामसभा. म्हणजे ती मागणीसुद्धा वस्ती निवडण्याच्या हक्काचीच होती. वेगळे ठेवले जाणे आणि वेगळे राहायचे ठरवणे, या दोन्हींत फरक आहे. महारवाडा वेगळा ठेवला गेला होता. स्वतंत्र वसाहत आपण ठरवणार होतो. आणि राजगृहही बाबासाहेबांनीच ठरवले. ज्याच्या हातात निर्णय तो मोकळा, मग तो कुठेही राहो. आमच्यातले दोन गट भांडत होते ते 'कुठे' यावर. बाबासाहेबांचा आग्रह 'कुणी ठरवायचे' यावर होता.

'मग पारशांनी आणि सारस्वतांनीही ठरवलेच की, त्यांना का नावे ठेवता?' असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. लहान समाजाने एकत्र राहावे, आपली देवस्थाने, भाषा, रीत जपावी, यात गुन्हा नाही. पारशी तर मूठभर. पण संख्येने लहान असणे वेगळे आणि शहरातली सर्वात चांगली जमीन कुलूप लावून ठेवण्याची ताकद असणे वेगळे. दुबळा आपल्या घराला कडी लावतो ती मार पडू नये म्हणून. बलवान कडी लावतो ती वाटा द्यावा लागू नये म्हणून. बाहेरून दोन्ही कड्या सारख्याच दिसतात आणि कायदाही बहुतेक वेळा बाहेरूनच बघतो.

हा फरक अमेरिकेत फार ठळकपणे दिसला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतले साम्य सांगितले होते. म्हणून ही तुलना आमच्या मनाची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लेव्हिट अँड सन्स या बांधकाम कंपनीने शेतजमिनीवर हजारो घरांची आखीव उपनगरे उभारायला घेतली. पहिले लेव्हिटटाउन न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून, दुसरे पेनसिल्व्हेनियात १९५२ पासून. दुसऱ्यात सतरा हजारांहून जास्त घरे होती. सगळे उपनगर चाळीसएक वस्त्यांत विभागलेले. ठरावीक वस्त्यांमागे एक प्राथमिक शाळा, पोहण्याचे तलाव, मैदाने, आणि एका वस्तीतल्या सगळ्या गल्ल्यांची नावे त्या वस्तीच्या नावाच्या पहिल्या अक्षराने सुरू होणारी. कुटुंबे जाहिराती बघून, नमुना घरांतून फिरून, कोणत्या वस्तीतले घर घ्यायचे ते निवडत. सैनिकांसाठी सरकारी हमीची कर्जे होती, हप्ता भाड्याहून कमी. गरीब गोऱ्या कामगारासाठी हे खरोखर स्वप्न होते, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण न्यूयॉर्कच्या लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारात एक कलम होते. या घरात गोऱ्या वंशाशिवाय दुसऱ्या कुणी राहायचे नाही. आणि पुढे एक सवलत: घरकाम करणारे नोकर मात्र दुसऱ्या वंशाचे चालतील. वाचताना दादरचा मागचा जिना आठवतो की नाही? हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांना न विचारता, दोन समाजांनी एकच नियम लिहिला. एकाने कागदावर लिहिला, दुसऱ्याने लोखंडात.

१९४८ मध्ये 'शेली विरुद्ध क्रेमर' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे वांशिक करार कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत. कलम गेले, पण व्यवहार तसाच राहिला. कंपनी कृष्णवर्णीयांना घर विकतच नव्हती. विल्यम लेव्हिटचा युक्तिवाद असा की आम्ही घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा, दोन्ही मिळून नाही. हा विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू होता, म्हणजे ज्या समाजाला तिथल्या कितीतरी वस्त्यांची दारे बंद होती त्यातला. शोषितातला एक जण वर चढला म्हणजे तो दरवाजा उघडा ठेवतोच असे नाही. हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या काही साहेबांची नावे घ्यायचा मोह आम्ही आवरतो.

सरकारी कर्जहमीची यंत्रणाही यात सामील होती. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण विभागाचे मूल्यांकनाचे निकष असे होते की कृष्णवर्णीय कुटुंब आले म्हणजे वस्तीची किंमत घसरणार, म्हणून तिथे हमी द्यायची नाही. म्हणजे 'चांगली वस्ती' याची व्याख्याच सरकारी कागदात 'गोरी वस्ती' अशी झाली. मग साधा गोरा माणूस म्हणू लागला, माझा त्यांच्यावर राग नाही हो, पण घराची किंमत पडेल. आपला ब्रोकर काय म्हणतो? 'माझे काही नाही साहेब, सोसायटीवाले ऐकत नाहीत.'

ऑगस्ट १९५७. विल्यम मायर्स हे महायुद्धात सैन्यात असलेले गृहस्थ, पत्नी डेझी शिक्षिका, तीन लहान मुले. आधीचे घर अपुरे पडू लागले म्हणून त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटटाउनमधल्या डॉगवूड हॉलो या वस्तीतले डीपग्रीन लेनवरचे घर घेतले. कंपनी विकत नव्हती, म्हणून आधीच्या मालकाकडून घेतले. टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला डेझी आधी मोलकरीणच वाटल्या. त्या मालकीण आहेत हे कळताच बातमी गल्लोगल्ली पसरली. रात्री शेकडो माणसे जमली. दगड आले, काचा फुटल्या. राज्याचे पोलिस बोलवावे लागले आणि दगड लागून एक पोलिसही बेशुद्ध पडला. हे एका रात्रीत थांबले नाही. मागच्या रिकाम्या घरात लोकांनी अड्डा केला, गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा झेंडा लावला, रात्रंदिवस मोठ्याने गाणी वाजवली. क्रॉस जाळले. शेजारचे वेक्सलर हे ज्यू कुटुंब मायर्स कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले, तर त्यांच्या भिंतीवर क्लू क्लक्स क्लॅनची अक्षरे रंगवली. शेवटी राज्याच्या ॲटर्नी जनरलने कोर्टाचा मनाई हुकूम आणला तेव्हा त्रास आटोक्यात आला.

जमावातली ही माणसे कोण होती? लहान घरांतून, भाड्याच्या खोल्यांतून नुकतीच सुटलेली कामगार कुटुंबे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची हिरवळ मिळालेली. त्यांना वाटले की आपण चढलो ती शिडी दुसऱ्याने धरली तर आपण पडू. बाबासाहेबांनी जातीच्या उतरंडीचे जे विश्लेषण केले, चढती भाजणी आदराची आणि उतरती तिरस्काराची, ते डीपग्रीन लेनवर जसेच्या तसे लागू होते. म्हणूनच दगड मारणारा नेहमी बंगल्यातला नसतो.

मायर्स कुटुंब पळून गेले नाही. काही वर्षे तिथेच राहिले, मग स्वतःच्या कारणाने, स्वतःच्या वेळेला दुसरीकडे गेले. १९९९ मध्ये तिथल्या महापौरांनी डेझी मायर्स यांची जाहीर माफी मागितली. बेचाळीस वर्षांनी! न्यू जर्सीतल्या तिसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये मात्र १९६० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला भेदभाव करायला मनाई केली. देशपातळीवरचा समान गृहनिर्माण कायदा १९६८ च्या एप्रिलमध्ये झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात.

आखीव उपनगर म्हणजे भेदभाव अटळच, असेही नाही. जेम्स राउस या विकासकाने मेरीलँडमध्ये कोलंबिया नावाचे नवे शहर वसवले, १९६७ पासून. तेही 'व्हिलेज' आणि त्याखाली लहान वस्त्या अशाच पद्धतीने आखलेले. पण कुणालाही वंशावरून नाकारायचे नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरले होते. तिथे सगळे प्रश्न सुटले असे आमचे म्हणणे नाही. मात्र लेव्हिट ज्याला अशक्य म्हणत होता ते दहा वर्षांत दुसऱ्या एका बांधकामवाल्याने धंदा सांभाळूनच सुरू केले. प्रश्न नकाशाचा नव्हता, इच्छेचा होता.

आता परत आपल्याकडे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेली खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना प्रत्यक्षात आली. नोड, सेक्टर, स्टेशनभोवती बाजार. ९५ गावांच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. ही गोष्ट घर बघायला जाताना विसरू नये. नवी मुंबईत आपल्या पुष्कळ लोकांना घरे मिळाली, त्यात सिडकोच्या सोडतीचा मोठा वाटा आहे. सोडतीत राखीव घरे असतात आणि चिठ्ठी माणसाचा चेहरा बघून निघत नाही. तेच घर दहा वर्षांनी पुनर्विक्रीला आले की सोडत संपते आणि ब्रोकर सुरू होतो. सरकारने दिलेली समानता पहिल्या खरेदीपुरतीच टिकते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याचे घर शोधणाऱ्या दलित आणि मुस्लिम नावांना काय उत्तर मिळते ते दाखवले. आमच्यासाठी त्यात नवे काही नव्हते. पण पुरावा असणे चांगले. नाहीतर 'आता कुठे जात राहिली आहे' हे वाक्य तयारच असते.

कायदा कुठे उभा आहे? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात असा निकाल दिला की सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारी पोटनियमांतली अट चालेल, कारण संघटना करण्याचे स्वातंत्र्य घटनेनेच दिले आहे. आम्ही वर कडीचे उदाहरण दिले ते यासाठीच. न्यायालयाने कडी बाहेरून बघितली. अमेरिकेने १९४८ मध्ये ज्या प्रकारच्या कराराला कोर्टाची ताकद नाकारली, तशाच अटीला आपण सत्तावन्न वर्षांनी स्वातंत्र्य म्हटले. आणि हे ज्या घटनेच्या नावाने झाले, तिच्या मसुदा समितीचा अध्यक्ष काठ्यांच्या धाकाने एका धर्मशाळेतून बाहेर काढला गेला होता. तरीही हात टेकून बसायचे कारण नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ मध्ये खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सदस्यत्व नाकारता येत नाही आणि नाकारले तर दाद मागता येते. बहुतेक सोसायट्यांच्या पोटनियमांत जातीची अटच नसते. अट सेक्रेटरीच्या डोक्यात असते आणि ती तोंडी चालते. म्हणून नकार लेखी मागा. लेखी मागितला की बरेच नकार विरघळतात, हा आमचा अनुभव आहे.

राजगृहाबद्दल एक राहिले. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली. कुंड्या फोडल्या, कॅमेऱ्याचे नुकसान केले. घर बांधून नव्वद वर्षे होत आली होती, व्हिन्सेंट रोडचे नाव कधीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग झाले होते. आणि तरीही! दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेले हजारो लोक आधी राजगृहासमोर येऊन उभे राहतात. विदर्भातून, मराठवाड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बाया त्या दरवाजाला हात लावून कपाळाला लावतात. पुढच्या दरवाजाला.

आमच्या त्या सहकाऱ्याचे पुढे काय झाले, असे वाद घालणाऱ्या दोन्ही गटांनी विचारले होते. ब्रोकरला वगळून त्याने घरमालकाचा फोन मिळवला. मालकाची काही हरकत नव्हती, उलट ब्रोकरने परस्पर नकार दिल्याचे ऐकून तो चिडला. व्यवहार ठरला. मग सोसायटीचा अर्ज आला. सेक्रेटरी म्हणाले, आडनाव नुसते इनिशियलने लिहिले तरी चालेल, कमिटीत उगाच चर्चा नको. सल्ला बहुधा भल्या मनानेच दिला असावा. त्याने नवरा-बायको दोघांची पूर्ण नावे लिहिली, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठळक अक्षरांत. झेरॉक्स काढली, तिच्यावर शिक्का आणि तारीख घालून घेतली आणि आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवली. कमिटीची बैठक येत्या रविवारी आहे.